विमेदाराची बायको

आकारामच्या पायाचं बोट कापायची वेळ आली तेव्हा कामगार विमा योजनेनं काही कमी पडू दिलं नाही. डॉक्टर फुकट, खाट फुकट, पट्ट्या फुकट. साखरेच्या आजारात पाय कसा सांभाळायचा, हे मात्र आधी कुणी सांगितलं नव्हतं. शिकवण्याला योजनेत जागाच नव्हती, कापण्याला होती.

त्याची बायको अंजना सांगलीच्या विमा दवाखान्यात जाऊन सारखी डोकं खायची. "सुई कशी टोचायची, ताटात काय वाढायचं, एवढं शिकवा की ओ! न्हाईतर पाय जाईल त्यांचा." साताऱ्याहून बदलून आलेले साहेब समजूत घालायचे, "बाई, हा दवाखाना आहे, शाळा नव्हे." पुढं आकारामच्या गिरणीतले आणखी काही कामगार लंगडायला लागले, तेव्हा कुठं वरून हुकूम सुटला आणि मधुमेहाचा वर्ग मंजूर झाला.

अंजना ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. साहेबांनी दारातच अडवलं. "वर्ग विमेदारांसाठी आहे. विमेदार तुमचे यजमान."

आत बसलेल्या एकाही विमेदारानं जन्मात चूल पेटवली नव्हती. सिस्टर विजयमाला जीव तोडून शिकवत होत्या आणि रात्रपाळी करून आलेली मंडळी घोरत होती. उद्घाटनाचे पेढे आले तेव्हा सगळी एकदम जागी झाली.

"काय शिकवलं ओ?" अंजनानं घरी विचारलं.

"लय शिकवलं. पेढं बी झ्याक हुतं," आकाराम म्हणाला.

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग असा संताप आला, की तिनं पीठ मळलेली परात उचलली आणि त्याच्यापुढं आदळली. "सरकारनं तुमाला शिकवलंय नव्हं? मग तुमीच रांधा. मी पडले अडाणी."

आकारामनं आधी आरडाओरडा केला, मग करपलेली भाकरी खाल्ली, मग हात भाजून घेतला. शेवटी बायकोला घेऊन तो तडक साहेबांपुढं उभा राहिला.

"सायेब, हिला वर्गात घ्या."

"नियमात बसत नाही."

"तुमचा नियम भाकरी थापतो व्हय? मग धाडा त्याला माझ्या घरी."

साहेबांनी चष्मा पुसला, डोकं खाजवलं आणि सरकारी तोडगा काढला. अंजनानं आकारामच्या नावावर बसायचं. योजनेच्या लेखी शिकायचं ते आकारामनंच.

पुढच्या वर्गाला अंजना पहिल्या रांगेत बसली. सिस्टरांनी मोसंबीवर सुई टोचायला शिकवलं, बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की पाय कसा चिघळतो तेही सांगितलं. अंजनाचा हात बसल्यावर त्यांनी आकारामला आत बोलावलं. तो दारातच थबकला. "दुखंल की गं!"

"बोट कापताना दुखलं न्हाई?" असं म्हणून तिनं त्याला खाली बसवलं आणि सुई टोचली. तो 'आई गं' म्हणेपर्यंत काम झालंही होतं.

तेवढ्यात साहेब हजेरी घ्यायला आले. "आकाराम?"

"हाय," अंजना म्हणाली, आणि खाली वाकून नवऱ्याच्या उरलेल्या बोटांच्या बेचक्यात ओल राहिलीय का ते बघू लागली.