खिडकीत गेला तर आऊट

क्रिकेटविषयी लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. बॅट कशी धरतात हे मला आजही नीट सांगता येणार नाही, आणि पुढे जे लिहिणार आहे त्यात जाणकाराला चुका सापडतीलच. पण राणोजीच्या खेळाचा काही भाग माझ्या खिडकीमुळे घडला आणि काही भाग तिच्यामुळेच अडला. हे सांगेल असे आता माझ्याशिवाय फारसे कुणी उरलेले नाही, म्हणून धीर करतो.

बदली होऊन मी साताऱ्याहून मद्रासला आलो तेव्हा एकटाच होतो. केंद्र सरकारच्या हिशेब तपासणाऱ्या कचेरीत कारकून होतो. ट्रिप्लिकेनमधल्या एका बंद गल्लीत मला तळमजल्यावरची खोली मिळाली. गल्ली जिथे संपे तिथल्या भिंतीवर पोरांनी कोळशाने तीन स्टंप ओढले होते. त्या भिंतीकडे पाठ करून उभे राहिले, की उजव्या हाताला एका छापखान्याची लांबलचक आंधळी भिंत आणि डाव्या हाताला माझी खिडकी. खिडकीला लाकडी गज होते. आत माझी खुर्ची, टेबल आणि पुस्तकांचे कपाट.

गल्लीत तंजावरकडची मराठी घरे बरीच होती. त्यांची मराठी पूर्वजांच्या काळची, मधूनमधून तमिळ शब्द पेरलेली. ती मला एखाद्या पोथीतल्यासारखी वाटे, आणि माझी त्यांना वर्तमानपत्रातल्यासारखी. त्यामुळे आम्ही एकमेकांशी जरा जपूनच बोलत असू. मी तर मुळातच कमी बोलतो.

आल्यानंतर थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी चेंडू गजांमधून आत आला आणि शाईची दौत लवंडवून गेला. मी तो उचलून पायरीवर आलो. काही हरकत नाही, खेळा, असे मला म्हणायचे होते. पण समोर सगळी पोरे गप्प उभी राहिलेली पाहून माझी जीभ उचलेना. मी तसाच उभा राहिलो, हातात चेंडू, बोटांना शाई. शेवटी चेंडू पायरीवर ठेवला आणि आत गेलो. पोरांना तो भयंकर संताप वाटला. त्यांच्यात थोरला होता गुंडो. त्याने त्याच संध्याकाळी कायदा केला, की मामांच्या, म्हणजे माझ्या, खिडकीच्या बाजूला चेंडू गेला तर आऊट; तक्रार चालणार नाही. छापखान्याच्या भिंतीला लागला तर दोन धावा. मामा कसलासा मोठा अभ्यास करतात, असे वडीलधाऱ्यांनीही ठरवून टाकले होते. पोरे मला पुस्तकमामा म्हणू लागली. खरे तर पुण्याहून टपालाने येणाऱ्या कादंबऱ्या मी वाचत असे. पण हे कुणाला कसे आणि कशाला सांगायचे, हे मला कळले नाही.

राणोजी गुंडोचा धाकटा भाऊ. त्यांचे वडील अप्पाजी बंदरात नोकरीला होते आणि आई भवानीबाई. राणोजी त्या कायद्याखालीच लहानाचा मोठा झाला. डाव्या अंगाला आलेला चेंडूही तो पाय सरकवून, जागा करून उजवीकडच्या भिंतीवर असा काही मारी, की मी वाचता वाचता पुस्तक खाली ठेवून त्या आवाजाची वाट पाहत असे. शाळेत असतानाच त्याचे नाव झाले. पेपरात दोन ओळी आल्या, तर अप्पाजींनी तो पेपर गल्लीतल्या प्रत्येक घरी नेऊन दाखवला.

त्या काळी मद्रासमधल्या कंपन्या आणि बँका आपापले क्रिकेटचे संघ बाळगत. चांगला खेळाडू दिसला की त्याला कारकुनाची जागा देत. तो सकाळी टेबलाशी बसे आणि दुपारी सरावाला जाई. राणोजीला चहाच्या एका कंपनीने असे घेतले. नेमणूक तात्पुरती होती. एक मोसम खेळ पाहायचा आणि मग कायम करायचे किंवा निरोप द्यायचा. निरोप मिळाला तर तंजावरला मावसभावाच्या कापडाच्या दुकानात जायचे, असे अप्पाजींनी सांगून ठेवले होते. तिथे क्रिकेट नव्हते.

पहिले दोन-तीन सामने छान गेले. मग तो लवकर लवकर बाद होऊ लागला. घरी येई तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच बूट काढून हातात घेई, कुणाला चाहूल लागू नये म्हणून. मला मात्र लागे.

एका रविवारी गुंडो मला मैदानावर घेऊन गेला. मी जन्मात सामना पाहिला नव्हता. गुंडो तेव्हा पेरांबूरला रेल्वेचे डबे बनवण्याच्या कारखान्यात कामाला होता आणि आठवड्यातून हा एकच दिवस त्याला मोकळा असे. काथ्याची चटई अंथरून तिच्यावर खेळ चालला होता. राणोजी खेळायला आला तसे क्षेत्ररक्षक एकेक करून त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. डावी बाजू, तिला लेग म्हणतात, जवळजवळ मोकळी सोडली. गोलंदाजही त्याच्या पायांवरच चेंडू टाकू लागला. राणोजीने नेहमीप्रमाणे पाय सरकवून जागा केली, तो उजवीकडे मारायला गेला आणि त्याचा लेगचा स्टंप उडाला.

"पाहिलांत ना मामा?" गुंडो म्हणाला. "दुसऱ्या कुणी तो चेंडू तिकडे मोकळ्यांत भिरकावला असता. ह्याला तिकडे तुमची खिडकी दिसते."

तो थट्टा करत होता. मीही हसलो. पण परतताना बसमध्ये मला ते हसू टिकवता येईना. कंपनीतल्या त्याच्या खात्याचे प्रमुख कृष्णस्वामी हेच संघाचे कप्तान होते. मोसमातला शेवटचा सामना तीन आठवड्यांनी आहे, तोवर सुधारणा दिसली नाही तर माझा इलाज नाही, असे त्यांनी राणोजीला सांगितल्याचे गुंडोकडूनच कळले.

दोन दिवस मी स्वतःला समजावले, की मला यातले काही कळत नाही, तेव्हा गप्प बसावे. तिसऱ्या संध्याकाळी मी अप्पाजींच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत न बोलावता प्रथमच. भवानीबाईंनी घाईघाईने कॉफी आणली. मी टंबलरकडे पाहत सांगितले, की राणोजीने रोज सकाळी माझ्या खिडकीवर चेंडू मारायचा सराव करावा. खिडकी उघडीच ठेवतो.

"अय्यो, पुस्तकें फाटतील कीं मामा," भवानीबाई म्हणाल्या. "तुमचा अभ्यास बुडेल."

"तो अभ्यास नाही. कादंबऱ्या आहेत त्या."

अप्पाजींनी हातातला पेपर खाली ठेवला. "सगळ्या?"

"बहुतेक."

गुंडोला कॉफी पिता पिता असे हसू फुटले, की ठसका लागून तो उठून बाहेर गेला. भवानीबाईंनी पदर तोंडाला लावला. अप्पाजींच्या चेहऱ्यावर थोडी फसवणूक झाल्याचा भाव होता. फक्त राणोजी माझ्याकडे टक लावून पाहत होता. मला वाटते, मीही इतरांसारखाच एक माणूस आहे, हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गल्लीत उतरलो. गुंडोला कारखान्यात लवकर हजर व्हावे लागे, त्यामुळे चेंडू टाकायला माझ्याशिवाय कुणी नव्हते. मी धोतर खोचले आणि टाकला. तो गटारात गेला. पुढचा राणोजीच्या पायांवर, त्याच्या पुढचाही पायांवर. सरळ टाकायचा कितीही प्रयत्न केला तरी माझा हात चेंडूला त्याच्या डावीकडेच नेई. मी ओशाळून माफी मागू लागलो.

"असेंच टाका मामा," राणोजी म्हणाला. "तेही असेंच टाकतात."

पण तो मारेना. बॅट अर्ध्यावर येई आणि थांबे. चेंडू पायाला लागून माझ्याकडे परत येई. असे दोन-तीन दिवस गेले. शेजारच्या विशालाक्षी पाटी, म्हणजे आजी, दारात सडा घालून रांगोळी, त्यांचा कोलम, काढत. त्या सगळे पाहत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी वर न बघता तमिळमध्ये मला ऐकवले, की माझा कोलम तुडवता तो तुडवता, निदान त्या पोराला एकदा तरी काहीतरी मोडू द्या, म्हणजे माझी सकाळ कारणी लागेल.

"हातच जात नाहीं तिकडे," राणोजी मला हळूच म्हणाला. "आंत तुम्ही बसला आहां असेंच वाटतें."

"मी इथे आहे," मी म्हणालो. "आत कुणी नाही."

तरीही तो खिडकीकडे पाहत राहिला. मग मला सुचले. मी आत गेलो, माझी खुर्ची उचलून बाहेर आणली आणि विशालाक्षी पाटींच्या पायरीजवळ ठेवली. खिडकीतून आता नुसते कपाट दिसत होते. परत येऊन चेंडू टाकला, अर्थातच पायांवर. राणोजीने बॅट फिरवली. चेंडू गजावर आपटून आत गेला आणि कपाटातून चार-पाच पुस्तके धडाधड खाली आली.

तो घाबरून माझ्याकडे पाहू लागला. मी आत जाऊन चेंडू आणला. पुस्तके तशीच पडू दिली.

त्यानंतर रोज पुस्तके पडत गेली. काहींच्या पाठी उसवल्या, एकीची शेवटची पाने कपाटामागे गेली ती मला अजून सापडलेली नाहीत. हळूहळू त्याचा हात मोकळा होत गेला, असे मला वाटले. पण माझ्या चेंडूंवर मारणे हा काही पुरावा नव्हे. रात्री मला वाटे, आपण त्याचा जुना खेळही बिघडवला असला तर?

शेवटच्या सामन्याला मी अर्ध्या दिवसाची रजा काढून गेलो. मुद्दाम मैदानाच्या त्या बाजूला, झाडाखाली जाऊन बसलो, जिकडे राणोजीची लेग पडत होती. नजर कुठे ठेवावी कळेना म्हणून पुस्तक उघडले. कृष्णस्वामींनी त्याला बरेच खाली, सातव्या क्रमांकावर पाठवले. क्षेत्ररक्षक लगेच पलीकडे सरकले. राणोजीची गोष्ट एव्हाना सगळ्या संघांना ठाऊक झाली होती.

पहिला चेंडू पायाला लागला. दुसराही. राणोजी सरळ झाला, हातमोजे ओढून नीट केले आणि मोकळ्या बाजूला पाहिले. तिकडे मी दिसलो असेन, हातात पुस्तक घेऊन बसलेला. नेमके इथेच येऊन बसण्याची बुद्धी मला का झाली? उठून जावे का, असा विचार करतो आहे तोच गोलंदाज धावत निघाला.

या वेळी पाय सरकला नाही. बॅट पूर्ण फिरली आणि चेंडू जमिनीलगत माझ्याकडे येऊ लागला. क्षेत्ररक्षक फार लांब होता. चेंडू रेषा ओलांडून माझ्या पायाशी थांबला. मी तो उचलून जोर लावून फेकला, आणि तो क्षेत्ररक्षकाच्या उलट दिशेला, पार तंबूकडे गेला. लोक हसले. राणोजी बॅटवर रेलून हसत होता. त्या मोसमात त्याला मैदानावर हसताना कुणी पाहिले नसेल.

मग क्षेत्ररक्षक एकेक करून इकडे परत येऊ लागले. ते इकडे आले की त्याने उजवीकडे मारावे, तिकडे गेले की माझ्याकडे. त्याच्या पन्नास झाल्या नाहीत, थोडक्यात राहिल्या. तरी तो बाद होऊन परतला तेव्हा कृष्णस्वामी तंबूतून बाहेर येऊन उभे होते. पाठीवर हात वगैरे त्यांनी ठेवला नाही. पुढच्या मोसमात तिसऱ्या क्रमांकावर खेळायची तयारी ठेव, एवढेच म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, की तुम्ही याचे प्रशिक्षक का. मी म्हणालो, नाही, शेजारी राहतो.

राणोजी कायम झाला. पुढे बरीच वर्षे तो त्या संघातून खेळला, आणि दोन मोसम राज्याच्या संघातही होता. त्याहून मोठा झाला नाही. का, हे सांगण्याइतके मला कळत नाही. तो स्वतः समाधानी होता असे मला दिसले.

मी गल्लीत आणखी पुष्कळ वर्षे राहिलो. राणोजीच्या त्या सामन्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी मी वाचत बसलो असता चेंडू आत आला. मी तो घेऊन पायरीवर गेलो. नवी, लहान पोरे होती. फलंदाज आऊट होऊन निघाला होता. मध्ये राणोजी उभा होता; त्याने त्याला दंडाला धरून परत स्टंपांपाशी आणले आणि सगळ्यांना सांगितले, की कायदा बदलला आहे, मामांच्या खिडकीत गेला तर चार धावा.

"मामांना चालेल?" एका पोराने विचारले.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. या वेळी मला बोलता आले.

"चालेल," मी म्हणालो, आणि चेंडू टाकला. तो गटारात गेला.