पंचवीसपैकी तीन

उकंडराव गुरुजींनी खडू फळ्यावर टेकवला आणि तिथंच धरून ठेवला. मागे बाकांवर वीस शिक्षक बसले होते, त्यांच्या माना वर झाल्या. फळ्यावर हरिचंदनं दोन वाक्यं लिहून दिली होती. 'द बस वॉज लेट.' आणि त्याखाली, 'वी वॉक्ड होम.' मधे एक शब्द घालायचा आणि दोन्हींचं मिळून एक वाक्य करायचं, एवढंच काम. गुरुजींनी 'ऑर' लिहिलं, तळव्यानं पुसलं, 'बट' लिहिलं, तेही पुसलं. कोपरापर्यंत त्यांचा सदरा पांढरा झाला होता.

"आधी मराठीत सांगा, गुरुजी," हरिचंद म्हणाला.

"बस उशिरा आली म्हणून आमी पायी घरी गेलो."

"बरोबर. मग त्या 'म्हणून'ला आपण काय घेतलं होतं?"

गुरुजी फळ्याकडे बघत राहिले. छप्पन्न वर्षांचा माणूस, पस्तीस वर्षं दुसऱ्यांना फळ्यावर उभं केलेला. आता स्वतः उभा होता आणि हात कुठं ठेवावा ते त्याला सुचत नव्हतं.

"बट," ते म्हणाले.

शेवटच्या बाकावरून हट्टा गावचा नरसिंग फिस्सकन हसला. हरिचंदनं गुरुजींना बसायला सांगितलं आणि 'सो' स्वतःच लिहिलं.

चौऱ्याहत्तर सालचा मे महिना होता. हिंगोलीच्या एका शाळेत तालुक्या-तालुक्यांतून मुख्याध्यापक गोळा केले होते, तीन आठवड्यांच्या इंग्रजीच्या शिबिराला. सातवीपर्यंतच्या शाळेचा मुख्याध्यापक इंग्रजीत कच्चा चालणार नाही, असा वरून कागद आला होता. शेवटी एक लेखी पेपर. पंचवीस वाक्यजोड्या द्यायच्या, नऊ बरोबर आल्या की पास. जो नापास होईल त्याची मुख्याध्यापकी जायची आणि त्याला साधा शिक्षक म्हणून दुसऱ्या तालुक्यात पाठवायचं. बाकीच्यांना ही नुसती कटकट होती. सकाळी सात ते अकरा बसायचं, मग कडुलिंबाखाली घोरायचं. गुरुजींचं तसं नव्हतं. गावी, डोंगरकड्याला, त्यांची बायको जनकाबाई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेली होती. अर्धं अंग गेलेलं. गुरुजी पहाटे चूल पेटवायचे, तिला भरवायचे, तिचं सगळं आवरायचे आणि मग जाऊन शाळेची घंटा द्यायचे. या तीन आठवड्यांपुरती बहीण येऊन राहिली होती. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. ती दोन वर्षं त्यांना गावातच काढायची होती, बाकी काही नको होतं.

आणि त्यांना शिकवायला कोण यावं? तर हरिचंद खिल्लारे. अठ्ठावीस वर्षांचा, औरंगाबादेला बीए, बीएड झालेला, त्याच डोंगरकड्याच्या बौद्धवाड्यातला. हरिचंद लहान होता तेव्हा त्या वस्तीला महारवाडा म्हणत, आणि तिथली पाचसहा पोरं शाळेच्या ओसरीवर, खिडकीखाली बसत. उकंडराव गुरुजींच्या वर्गात हरिचंदनं चार वर्षं काढली ती अशी. गुरुजींचा आवाज मात्र मोठा होता. पाढे, कविता, बेरजा सगळं खिडकीतून बाहेर यायचं. पोराला वाचनाची गोडी आहे हे पाहून गुरुजींनी एकदा स्वतःचं पुस्तक त्याला दिलं होतं. ओसरीवर ठेवलं, दोन पावलं मागं सरकले आणि म्हणाले, घे. ते पुस्तक हरिचंदकडे अजून होतं. गुरुजींचा राग करावा की काय करावं, हे त्याला इतक्या वर्षांत ठरवता आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तो वर्गात शिरला तेव्हा सगळे उठून उभे राहिले. त्यात गुरुजीही उभे राहिले. हरिचंदला कसंसंच झालं. दुपारी तो चहाला गेला, तर हॉटेलातल्या पडद्याआड नरसिंगचा आवाज ऐकू आला.

"म्हाताऱ्याचं काही खरं न्हाई आता. त्याच्याच ओसरीवरचं पोरगं हाय ते. उट्टं काढल्याबिगर सोडंल व्हय?"

हरिचंदनं चहा तसाच ठेवला. त्याच दिवसापासून त्यानं गुरुजींना दुपारी वेगळं शिकवायला घेतलं.

त्यानं सगळे उपाय करून पाहिले. कागदाचे तुकडे कापून त्यावर शब्द लिहिले. जनकाबाईंचं, शाळेचं, गावच्या बाजाराचं, गुरुजींच्या रोजच्या जगण्यातलं वाक्य घेऊन शिकवलं. मराठीत गुरुजी एकही चूक करत नव्हते. पण निजामाच्या काळात सातवीपर्यंत उर्दूत शिकलेल्या त्या माणसाला इंग्रजी कधी कुणी शिकवलंच नव्हतं, आणि आता त्याला शिकायची एकच रीत ठाऊक होती, घोकायची. वहीत चाळीस जोडलेली वाक्यं होती, ती त्यांनी आठ दिवसांत तोंडपाठ केली. पाढे म्हणावेत तशी एका ठेक्यात म्हणून दाखवायचे. एकही शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. हरिचंद नवीन जोडी द्यायचा की गुरुजी क्षणभर बघायचे आणि वहीतलंच एखादं वाक्य म्हणायचे.

"गुरुजी, हे वहीतलं झालं. मी विचारलं ते वेगळं आहे."

"मग ह्ये चूक हाय का?"

"चूक नाही. पण उत्तर हे नाही."

"चूक न्हाई तर मग झालं की," गुरुजी म्हणायचे आणि पुढचं वाक्य घ्यायचे. हे त्यांच्या गळी उतरवता उतरवता हरिचंद टेकीला आला. शिकवणाऱ्याला शिकवता येईना तेव्हा तो आधी शिकणाऱ्यावर चिडतो आणि मग स्वतःवर. हरिचंदचं दोन्ही करून झालं होतं.

दुसऱ्या आठवड्यातली एक दुपार. बाहेर झळा मारत होत्या, बाकीचे झाडाखाली आडवे झाले होते. गुरुजींनी सलग सात जोड्या चुकवल्या. मग ते उठले, टेबलावरची लाकडी पट्टी उचलली, हरिचंदसमोर ठेवली आणि उजवा हात पुढं केला.

"तुमी लई नरमाईनं शिकवून राहिले, सर. मारा."

"काय बोलता, गुरुजी?"

"खरं बोलून राहिलो. दोन बसल्या की याद राहते. माझ्या हाताखालून इतकी पोरं गेली, मारल्याबिगर एकाला बी आलं न्हाई."

"हात खाली घ्या, गुरुजी."

"त्यात कशाची लाज? मी सगळ्याला मारलं."

"मला कुठं मारलं?"

बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, हरिचंदनं नुसती आठवण सांगितली होती. पण एकदा निघालेलं ते काही परत घेता येत नव्हतं.

गुरुजी मारायचे तेव्हा डाव्या हातानं पोराच्या बोटांची टोकं धरून ठेवायचे, हात मागं ओढता येऊ नये म्हणून, आणि उजव्या हातानं छडी द्यायचे. ओसरीवरच्या पोरांची बोटं कोण धरणार? त्यांना उन्हात उभं करायचे. आत छड्यांचा आवाज व्हायचा, पोरं रडायची, आणि बाहेर हरिचंद आपले कोरे हात बघत उभा राहायचा.

गुरुजींचा हात थोडा वेळ तसाच पुढं राहिला. मग त्यांनी तो मिटला.

"न्हाई," ते म्हणाले. "तुमाला न्हाई मारलं."

त्यांनी पट्टी जागच्या जागी ठेवली, वही उचलली आणि उन्हात निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून दुपारी यायचे बंद झाले. सकाळी शेवटच्या बाकावर बसायचे आणि मान खाली घालून फळ्यावरचं उतरवायचे. हरिचंदनं दोनदा प्रयत्न केला.

"गुरुजी, त्या दिवशी मी जे बोललो ना..."

"चालू द्या, सर. तुमचं बराबर हाय."

यावर काय बोलणार? माझ्या मनात तसं काही नाही, असं म्हणायला जावं तर सगळी ओसरी पुन्हा मधे आणून ठेवायची. हरिचंद गप्प बसला. तिथं तो चुकला असेल. पण त्याच्या जागी दुसरा असता तरी त्यानं काय केलं असतं, देव जाणे.

पेपर झाला. हरिचंद तपासायला बसला आणि गुरुजींचा पेपर त्यानं सगळ्यांत शेवटी घेतला. अक्षर मोत्यासारखं. पंचवीसच्या पंचवीस वाक्यं लिहिलेली, एकही जागा कोरी नाही, कुठं खाडाखोड नाही. आणि सगळी वहीतली. प्रश्नातल्या जोडीशी त्यांचा काही संबंध नव्हता. कोंबड्यांबद्दल विचारलं होतं तिथं गुरुजींनी बाजाराचं लिहिलं होतं. प्रश्न काढताना हरिचंदनंच मुद्दाम तीन जोड्या वहीतल्या घातल्या होत्या, तेवढ्या जुळल्या. त्यानं पेपर चार वेळा वाचला. आणखी सहा पाहिजे होत्या. ओढूनताणून एखादी तरी बसते का, ते पाहिलं. बसत नव्हती.

लाल पेन्सिल हातात होती. तीनच्या जागी नऊ लिहायला कितीसा वेळ लागतो? पण पेपरांचा गठ्ठा परभणीला, जिल्ह्याच्या कचेरीत जाणार होता, आणि हा पेपर तिथं मुद्दाम काढून बघतील याची व्यवस्था नरसिंगसारख्यांच्या तोंडानं आधीच झाली होती. नसती झाली तरी. शाळेपासून बीएडपर्यंत हरिचंद ज्या ज्या परीक्षेत पास झाला, तिथं कुणीतरी म्हणालंच होतं की सवलतीनं आला. त्यानं रात्र रात्र जागून मिळवलेला एकही मार्क लोकांनी खरा मानला नव्हता. खोटा मार्क त्याच्या हातून लिहिला गेला नाही. त्यानं 'तीन' लिहिलं, खाली सही केली आणि बराच वेळ पेन्सिल तशीच धरून बसला.

यादी दारावर लागली. वीस पास, एक नापास. नरसिंग अकरा मार्क घेऊन सुटला होता. जाताना त्यानं हरिचंदला वाकून नमस्कार केला. पहिल्या दिवशीच्या नमस्कारापेक्षा हा चांगला खोल होता आणि त्यात धाक होता.

हरिचंद गुरुजींचा पेपर खिशात घालून बसस्टँडवर आला. गठ्ठ्यातून काढून आणला होता, तासाभरात परत ठेवायचा होता. डोंगरकड्यावरून जाणारी नांदेडची गाडी लागायला अवकाश होता. गुरुजी बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. हरिचंद शेजारी बसला.

"गुरुजी, मी वर अर्ज लिहितो. घरची परिस्थिती मांडतो. तुमची बदली करू नये म्हणून."

"नका लिवू. तुमच्या नोकरीला उगं तकलीफ."

"मग हा पेपर तरी एकदा बघा. कुठं काय चुकलं..."

"काहून बघू?" गुरुजी शांतपणे म्हणाले. "चूक न्हाई त्याच्यात. एक एक वाक्य घोटून घोटून लिवलं मी. सगळं बराबर हाय, मला ठावं हाय ना."

हरिचंदचा हात खिशातल्या पेपरावर गेला.

"तुमी जिवाला लावून घेऊ नका," गुरुजी पुढं म्हणाले. "मी मनात धरूनच व्हतो, हा पोरगा मला नापास करणार. करायलाच पायजे. चार वरसं बाहेर बसवलं तुमाला. उन्हात उभं केलं. त्याचं कुणीतरी विचारायला पायजे व्हतं का न्हाई? तुमी विचारलं. बरं झालं."

"तसं नाही हो, गुरुजी. तुम्ही खरंच..."

बोलता बोलता गुरुजींचा चेहरा त्यानं पाहिला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तो मोकळा दिसत होता. खरं सांगावं, तर या माणसाला सांगायचं की तुम्हाला येत नाही, वय झालं, आता येणारही नाही. न सांगावं, तर नरसिंग म्हणतो तेच आपल्या नावावर कायमचं राहणार, आणि तेही गुरुजींच्या साक्षीनं. हरिचंदच्या डोळ्यांत पाणी आलं, ते संतापाचं की कसलं, त्याचं त्याला समजलं नाही. पेपर खिशातच राहिला.

गाडी लागली. हरिचंदनं गुरुजींची पिशवी आत नेऊन ठेवली आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा गुरुजींनी डोकं बाहेर काढलं. 'सर' म्हणाले नाहीत.

"हरिचंद, आता घरी ये. डोंगरकड्याला आला की सरळ आत ये. आपण संगं बसून जेवू."

"येतो, गुरुजी."

त्या घरात गुरुजी किती दिवस राहणार होते, ते दोघांनाही माहीत होतं. गाडी निघाली.