हळदीच्या तीन ओळी आणि एक कुलूप

तुम्ही मला कोंडून ठेवलंत. नाव घेत नाही. पण जिच्या वावरात मी जन्मलो, तिच्याच तोंडावर तुम्ही दार लावलंत.

मी एक शोधनिबंध आहे, हळदीच्या कंदकुजीवरचा. लातूरला शिकणाऱ्या ऋतुजानं हिमायतनगरजवळ सरस्वतीबाईंच्या वावरात दोन वर्षं राबून मला घडवलं. फरक कळावा म्हणून सरस्वतीबाईंनी तीन ओळींना औषध लावलंच नाही, डोळ्यांदेखत कुजू दिल्या. खुरपायला येणारी नागुबाई हसायची, "लेकरावानी वाढवायचं अन् मारून टाकायचं! हे कसलं शिक्षण गं?"

त्या कुजलेल्या ओळींनीच मला शहाणं केलं. परदेशातल्या एका नियतकालिकानं, म्हणजे तुम्हीच, मला छापलं. ऋतुजानं हौसेनं माझी लिंक सरस्वतीबाईंना पाठवली. कॉलेजनं वर्गणी भरलेली, म्हणून तिथं मी तिच्यासमोर बिनतक्रार उघडायचो. बाहेर मला कुलूप असतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

मे महिन्यात ती भेटायला आली. ओसरीवर बेण्याचं, लागवडीच्या कंदांचं, पोतं शिवून तयार होतं. जळकोटला दिलेल्या लेकीसाठी, राजकन्यासाठी; लेकीला घरचं बेणं द्यायची इथली रीत.

"काकू, हे त्याच वावरातलं? मी पाठवलेलं वाचलं न्हाई का?"

"उघडलंच न्हाई, माय. पैसे भरा म्हणत होतं. आमच्यासाठी नसंल म्हणलं."

ऋतुजानं स्वतःच्या फोनवर लावून पाहिलं. शिक्षण संपून कॉलेज सुटलं होतं, तिलाही कुलूप!

तिनं पोतं उसवलं. वरून पिवळेधमक कंद मोडले तर आत तपकिरी, मऊ. हेच तर मी सांगत होतो: रोग बेण्यातून जातो. सरस्वतीबाईंनी मोडलेला कंद उचलून हुंगला. "लेकीच्या वावरात मीच पेरलं असतं की गं."

माझा छापण्याआधीचा मसुदा जाहीर करायची मुभा तुमच्याच नियमांत होती; ऋतुजानं ती वाचलीच नव्हती. त्याच दुपारी तिनं मला सगळ्यांसाठी खुलं केलं. शिवाय मराठीत दोन पानं लिहून गिरणीच्या भिंतीवर चिकटवली. बेणं कसं निवडावं, किती वेळ औषधात बुडवावं, सगळं.

माझे कितीतरी भाऊबंद अजून कोंडलेले आहेत. त्यांना लिहिणाऱ्यांनो, आपापले मसुदे बाहेर काढा. पेरणी थांबत नाही.

मी आता भिंतीवर आहे. बोटं माझ्यावरून फिरतात. परवा गिरणीवाला बसवंत ओरडला, "पिठाचे हात लावू नका कागदाला!"

नागुबाई म्हणाली, "लावू दे की. आपलंच वावर हाय ते."