एकोणीस तारखेचे नऊ जण

आमच्या पेपरात दुसऱ्या पानावर डाव्या कोपऱ्यात 'दिनविशेष' येतं. घटना, जन्म, मृत्यू, याच क्रमाने. सव्वीस वर्षं ते मी करते. नवीन असताना मी संपादकांना विचारलं होतं की मृत्यू शेवटी का. ते म्हणाले, आयुष्यातही तसंच असतं, बसा कामाला. ऑफिसात मला तारीखबाई म्हणतात, तेही तोंडावर, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

माझं टेबल जिन्याखाली आहे. त्याला लागून लाकडी कपाट, तीनशे सहासष्ट खणांचं. प्रत्येक खणात त्या त्या तारखेची कार्डं: राजे, पूल, भूकंप, शोध लावणारे, गाणारे. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं एका खणात दाटीवाटीने राहतात. आता हे सगळं कॉम्प्युटरवर मिळतं असं मला दर आठवड्याला कोणी ना कोणी सांगतं. मिळतं खरं, पण तिथे उचलली जीभ लावली टाळ्याला असा कारभार आहे. माझ्याकडे प्रत्येक कार्डाखाली दोन पुरावे लिहिलेले असतात. दोन नसले तर राजा असो की रंक, खणात जागा नाही. सव्वीस वर्षांत मला चारदा दुरुस्ती छापावी लागली, आणि त्यातल्या तीन चुका छपाईवाल्यांच्या होत्या.

एकोणीस ऑक्टोबरच्या खणात एक कार्ड आहे. मी नोकरीला लागले त्या वर्षी लिहिलेलं. 'काचेच्या कारखान्यात भट्टीचा स्फोट. नऊ कामगार मृत्युमुखी, वीसहून अधिक जखमी.' पुरावा एक, आमच्याच पेपरचा दुसऱ्या दिवशीचा अंक. पुरावा दोन, कारखान्याच्या फाटकाजवळचा दगड. दगडावर नऊ नावं आहेत. सहावं नाव माझ्या वडिलांचं.

माझा जन्म वीस ऑक्टोबरचा, पहाटेचा. आदल्या सकाळी बाबा आईला दवाखान्यात सोडून कामावर गेले, दुपारी भट्टी फुटली. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर पेपरातली यादी वाचून दाखवली तेव्हा आत्या गर्दीत उभी होती. तिने आईला पाच दिवसांनी सांगितलं. अंत्यविधी, दाखला वगैरे सगळं कारखान्याच्या कचेरीने केलं, आणि कागद तिथेच राहिले. 'एक गेला, एक आली,' असं आत्या म्हणायची. कधी मायेने म्हणायची, कधी नाही.

वडील गेल्यावर जन्मलेली मुलगी, हे मी कोणी विचारलं की एका दमात सांगून टाकते, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत. त्यांनी मला पाहिलं नाही. मी आहे हेसुद्धा त्यांना कळलं नाही. लहानपणी वाटायचं, एक दिवस आधी आले असते तर. मोठेपणी असलं वाटणं थांबतं म्हणतात. मी बावन्न वर्षांची आहे, थांबलेलं नाही.

आई माझ्याकडेच असते. शहात्तर वर्षांची आहे, भिंग घेऊन रोज सकाळी माझं सदर वाचते आणि एखादा मोठा माणूस तरुणपणी गेलेला दिसला की चुकचुकते. एकोणीस तारखेला ती एकच ओळ वाचते, पेपरची घडी घालते आणि दिवसभर कमी बोलते.

गेली तीन वर्षं ऑक्टोबरात एक पत्र यायचं. 'एकोणीस तारीख. नऊ नाहीत, आठ. कळावे.' खाली सही, आणि सहीखाली 'निवृत्त सिस्टर, सरकारी दवाखाना'. असल्या पत्रांसाठी माझ्याकडे एक फाइल आहे, तिच्यावर 'चुका काढणारे' असं लिहिलंय. निवृत्तीनंतर घरात ज्यांचं कोणी ऐकत नाही ते आम्हाला लिहितात. मी ती तिन्ही पत्रं तिथे लावली होती.

या वर्षी नऊ तारखेला त्या स्वतः आल्या. चौऱ्याऐंशीच्या, काठी टेकत, दोन बस बदलून. मी खुर्ची दिली आणि जरा तोऱ्यातच कार्ड काढून समोर ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, ओळ वाचली, खालचे दोन्ही पुरावे वाचले.

'दगड कोरला तो तुमच्याच पेपरवरून,' त्या म्हणाल्या. 'मग हा पुरावा एकच झाला. तुम्ही तो दोनदा मोजलाय.'

माझी कानशिलं तापली. राग आला तो त्या चुकल्या म्हणून नाही. सव्वीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी आमचा वार्ताहर भाजलेल्यांच्या वॉर्डाच्या दारात उभा होता, आणि इकडे पान लावायची घाई होती. आठ जण गेले होते. नववा पट्ट्यांमध्ये गुंडाळलेला होता. डॉक्टर म्हणाले, हा काही रात्र काढत नाही. वार्ताहराने नऊ लिहिले. आमच्या धंद्यात हे चालतं. एखादा मोठा माणूस आजारी पडला की मीसुद्धा त्याचं कार्ड लिहून ठेवते, तारखेपुरती जागा मोकळी सोडून. पण नवव्याने डॉक्टरांचं ऐकलं नाही. तो एकवीस तारखेच्या पहाटेपर्यंत जगला.

'मी होते त्याच्याजवळ,' सिस्टर म्हणाल्या. 'आणि तुम्ही दर वर्षी ते दिवस त्याच्याकडून काढून घेता.'

कोण होता, असं मी विचारलं. कामाच्या आवाजात, हातात पेन्सिल घेऊन. नाव त्यांना आठवत नव्हतं. भट्टीवरचा होता, त्या म्हणाल्या, आणि बायको वरच्या मजल्यावर बाळंतीण होती.

आईकडून मी कितीदा ऐकलं होतं, त्या दिवशी वरच्या मजल्यावर भट्टीवाल्याची बायको अशी ती एकटीच होती. मी पेन्सिल खाली ठेवली. तरी मी कोण ते सांगितलं नाही. त्यांना म्हटलं, पहिल्यापासून सांगा, काही गाळू नका.

त्याचे डोळे बांधलेले होते. पहिली रात्र आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो ओरडत होता. औषध पुरत नव्हतं, सगळ्या इमारतीला ऐकू जायचं. दुपारी थोडा शुद्धीवर आला आणि पहिलं विचारलं ते बायकोचं. सिस्टर वर जाऊन पाहून आल्या. मुलगी झाली होती. आईच्या अंगातून रक्त फार गेलं होतं, तिला काही कळू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि तोही तेच म्हणाला, ओली बाळंतीण आहे, तिला हे दाखवू नका. मग सिस्टर पुन्हा वर गेल्या, बाळाचं वजन करायचंय म्हणाल्या आणि बाळ टॉवेलात गुंडाळून खाली घेऊन आल्या.

'त्याला दिसत नव्हतं ना. म्हणून मी बोटं मोठ्याने मोजली. हाताची दहा, मग पायाची दहा. तो माझ्यामागून मोजत होता. त्यानंतर तो ओरडला नाही.'

बायकोला नंतर कधी सांगितलं का, मी विचारलं. नाही, त्या म्हणाल्या. लोक म्हणत होते की सगळे एका झटक्यात गेले. त्या बाईला तेच बरं असेल असं वाटलं. पण आता वय झालं, आपल्यामागे हे माहीत असणारं कोणी उरणार नाही, हे काही मनाला पटेना.

तेव्हा मी सांगितलं की ते बाळ म्हणजे मी. त्या रडल्याबिडल्या नाहीत. माझा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, 'वजन चांगलं होतं तुमचं.'

दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेत जाऊन मृत्यूंची जुनी नोंदवही काढायला लावली. कारकुनाने कुरकुरत फडताळावरून ती उतरवली, धूळ झटकली, एका ओळीवर बोट ठेवलं. बाबांचं नाव, एकवीस ऑक्टोबर, पहाटे चार चाळीस. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रडले. आनंदाने रडले, सांगायला लाज कसली. येणारेजाणारे मला वळसा घालून जात होते. बाबांना मी माहीत होते. त्यांनी मला मोजून घेतलं होतं.

उठून बसस्टॉपपर्यंत गेले आणि मग आई आठवली. 'आठ' छापलं तर भिंगातून ती ते वाचणार, आणि विचारणार. 'नऊ' छापलं तर मी जाणूनबुजून खोटं छापणार, तेही बाबांबद्दल. आणि तिला काय सांगायचं? की ते जवळजवळ दोन दिवस तुझ्या पलंगाखालच्या मजल्यावर जिवंत होते, आणि तुला कोणी उठवलं नाही. मला जे मिळालं होतं ते तिच्याकडून काहीतरी काढूनच मिळालं होतं. आठ दिवस मी घरात चोरासारखी वावरले. आई म्हणाली, तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं? मी म्हटलं, काम फार आहे.

अठराला दुपारी पान छपाईला जाणार होतं. सकाळी आई खिडकीशी शेंगा निवडत बसली होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. सिस्टर, वार्ताहर, नोंदवही, टॉवेल, बोटं. बाबांचं ओरडणं तेवढं गाळलं. ती शेंगा निवडत राहिली, मग हात थांबले.

'म्हणजे वजन करायला नेलं ते…'

'हो.'

मला वाटलं आता ती विचारणार, मला का नाही नेलं. तिने ते विचारलं नाही. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, 'मग एकोणीसला नऊ नको. आठ कर. ते जास्त जगले, ते दिवस त्यांचे त्यांना दे.'

मी उठले. इतके दिवस उगाच भ्याले असं वाटलं. मनावरचं ओझं उतरलं, भूकसुद्धा लागली. पिशवी घेतली, दाराशी चपला घालत होते तेव्हा आईने हाक मारली.

'खालच्या मजल्यावर कोणीतरी ओरडत होतं गं,' ती म्हणाली. 'तू झालीस त्या दिवशी. सकाळपासून. तू दचकून दचकून उठायचीस. मी आयाला म्हटलं, त्या माणसाला कोणीतरी गप्प करा, माझं बाळ झोपत नाही. दोनदा म्हटलं. दुपारनंतर आवाज थांबला. मी म्हटलं, सुटले एकदाची.'

ती माझ्याकडे पाहत नव्हती. हातातली शेंग तिने सोलून केव्हाच संपवली होती, नुसतं साल बोटांत फिरवत होती.

'ते होते का?'

'नाही,' मी म्हणाले. 'बाबा शांत होते. ओरडत होता तो दुसरा, जखमींपैकी कोणीतरी.'

आईने मान हलवली. जरा वेळाने म्हणाली, 'वाचला का गं तो?'

'वाचला,' मी म्हणाले.