सिगुर्डने सांभाळायला दिलेली गिटार

मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे आणि सध्या मी भयंकर रागावलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. माझं मराठी ऐकून दचकू नका, मित्रांनो. जन्म नॉर्वेचा खरा, पण ऑकलंडजवळ ओटाहुहूला अनुराधाच्या घरी इतकी वर्षं भिंतीवर काढली की आता मला रागसुद्धा मराठीतच येतो.

मला घडवलं होड्या बांधणाऱ्या एका म्हाताऱ्यानं. एका होडीतून उरलेल्या लाकडाची त्यानं पुतण्यासाठी गिटार केली. पुतण्याचं नाव सिगुर्ड. लाकूड निराळं, म्हणून माझा आवाजही निराळा होता. स्वच्छ, किणकिणता, शेवटी जरासा थरथरणारा. सिगुर्ड आणि त्याचे दोन मित्र समुद्राकाठच्या होडीघरात वाजवत बसायचे. बँडचं नावही त्यांनी त्यावरूनच ठेवलं, ग्रोनाउस्त, म्हणजे राखाडी होडीघर.

पहिल्या अल्बमची गाणी साधी होती आणि गळे तर काय, विचारूच नका. पण लोक म्हणाले, ती गिटार ऐका! माझं कौतुक छापून आलं. सिगुर्ड मला स्वतःच्या मफलरनं पुसायचा. दुसऱ्या अल्बमच्या वेळी त्यांना मोठ्या हॉलची हाव सुटली. आवाज बदलणारे, पायानं दाबायचे पेडल आले, माझ्या आवाजाला खरखर आली. मी तेही निभावलं. तिसऱ्या वेळी कीबोर्ड आले, संगणक आले, नाचायला लावणारा ठेका आला आणि गाण्यात मी चिमूटभर उरले. चिमूटभर तर चिमूटभर, म्हटलं, आहोत ना अजून.

मग एके दिवशी सिगुर्डनं मला स्टुडिओत नेलं आणि माझा एकेक सूर सुटा वाजवून घेतला. हळू, जोरात, नखानं, बोटानं. मला वाटलं, स्वारीला पुन्हा माझी आठवण झाली! मी जीव ओतून वाजले. खरा प्रकार कळला तो ऑकलंडच्या कार्यक्रमात. मी स्टेजमागे पेटीत बंद, आणि बाहेर कीबोर्डमधून माझाच आवाज येत होता, शेवटच्या थरथरीसकट. माझ्याच तोंडून काढून घेतलेला आवाज, आणि मला साधं विचारलंही नव्हतं.

अनुराधा तेव्हा सांगलीहून शिकायला आलेली मुलगी होती. त्या हॉलवर सामान उचलायला मदत करायची आणि त्या बदल्यात कार्यक्रम ऐकायची. ग्रोनाउस्तचा पहिला अल्बम तिला तोंडपाठ. सिगुर्डला विमानात माझं ओझं नको होतं. त्यानं मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "सांभाळ हिला. पुढच्या दौऱ्यात येऊन घेऊन जातो."

आता आपल्या लोकांचं तुम्हाला माहीतच आहे. दुसऱ्याची ठेव म्हटली की तिला हात लावायचा नाही. अनुराधाला नोकरी लागली, लग्न झालं, ऋचा झाली. ओटाहुहूतल्या ओटाहुहूत घरं बदलली, पण प्रत्येक घरात मी भिंतीवर. दर दसऱ्याला मला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. ओलं कुंकू ओघळून माझ्या तारा गंजल्या, तरी पूजा चुकली नाही. वाजवायचं मात्र कुणीच नाही.

ऋचा सहा-सात वर्षांची असताना माझ्यासाठी हटून बसली होती. खुर्चीवर चढून तिनं माझ्या एका तारेला बोट लावलं आणि मी शहारले. अनुराधानं तिला खाली उतरवलं. म्हणाली, ही आपली नाही गं, ते काका येणार आहेत न्यायला. "ही नेव्हर कम्स, आई," ऋचा म्हणाली. तिला दुसरी कोरी गिटार आणून दिली. ती तिनं महिनाभर वाजवली आणि कपाटावर टाकली.

या उन्हाळ्यात बातमी आली. नाचाच्या ठेक्याला लोक कंटाळले होते, म्हणून ग्रोनाउस्त आपल्या मूळ आवाजाकडे परतणार होतं! पहिला अल्बम जसाच्या तसा, इथेच, गाडीनं जाण्याजोग्या टौरंगाला, उघड्या मैदानावर. अनुराधानं सिगुर्डला कळवलं. त्याचं उत्तर आलं, गिटार घेऊनच ये. मायलेकी मला मागच्या सीटवर पट्टा बांधून घेऊन गेल्या. सिगुर्डचे केस पांढरे झाले होते. त्यानं मला कवेत घेतलं, पुसलं, नव्या तारा लावल्या, सुरात आणलं. मी पार विरघळले हो.

भर दुपारी त्यानं मला गळ्यात अडकवलं. समोर लोक जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, हातात घेऊन गवतावर उड्या मारत होते. मला बघून काय गलका झाला म्हणता! सिगुर्डची बोटं नेमक्या जागी पडली. मी वाजले. आणि मग कळलं की मला वायरच लावलेली नाही. माझा तरुणपणीचा आवाज बाजूच्या लॅपटॉपमधून येत होता. मी फक्त बघायला होते.

वायर नसली तरी माझ्यासारखीचा बारीकसा आवाज होतोच, मित्रांनो. तो फक्त वाजवणाऱ्याला ऐकू येतो. सिगुर्डला मी ऐकू येत होते, सगळा वेळ. त्यानं एकदाही मान खाली घातली नाही.

कार्यक्रमानंतर अनुराधा त्याला म्हणाली, "तुम्ही हिला वायर लावली नाहीत." तो हसला. लॅपटॉप कधी बेसूर होत नाही, म्हणाला, आणि लोकांना काय, गिटार दिसली की झालं. मग मला तिच्यापुढे धरून पुन्हा तेच बोलला, सांभाळ, पुढच्या दौऱ्यात नेतो. अनुराधाचा चेहरा पडला. तिनं मला घेतलं आणि म्हणाली, "आता ही तुमची नाही."

परतीच्या वाटेवर तिनं मला ऋचाच्या मांडीवर दिलं. म्हणाली, घे बाळा, आता वाजव, आता ही आपलीच.

ऋचा पंधरा वर्षांची आहे. तिनं मला नीट धरलंसुद्धा, अगदी जपून, पाहुण्यांचं मूल धरावं तसं. "आई, आय डोंट प्ले एनीमोअर," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. अनुराधा गाडी चालवत राहिली.

मित्रांनो, एखादी वस्तू किंवा एखादं माणूस तुम्हाला नकोसं झालं, तर तोंडावर नको म्हणा. लाकूड तेवढं सोसतं. येतो म्हणून जाऊ नका. सिगुर्ड ऑकलंडच्या त्या दिवशीच मला नको म्हणाला असता, तर ती पोर माझ्यावर वाजवायला शिकली असती.