छताकडे बघणारी बाहुली

मी एक जुनी रबरी बाहुली आहे. पण मित्रांनो, माझ्याशी कधी कुणी खेळलेलं नाही. मला फ्रॉक नाही, केस नाहीत, नाव तर नाहीच. माझ्या छातीत हवेची एक पिशवी आहे. तोंडावर मास्क धरून त्याला जोडलेला रबरी फुगा दाबला, की ती पिशवी फुगते आणि माझी छाती वर येते. पण एक अट आहे. माझी मान बरोबर ठेवलेली असली पाहिजे. ती जरा पुढे झुकली किंवा मागे पडली, की मी हट्टी मुलासारखी गप्प राहते. कितीही दाबा, मग हवा आत जात नाही.

मला असं मुद्दाम घडवलं आहे. काही बाळं जन्मल्यावर रडत नाहीत. त्यांचा श्वास सुरूच होत नाही आणि तो कुणीतरी सुरू करून द्यावा लागतो, तोही झटपट. ते काम परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुली आधी माझ्यावर शिकत. खरं बाळ चुका करायला वेळ देत नाही. मी देते.

मी एका छोट्या प्रसूतिगृहात आले. तिथे शिकवणाऱ्या परिचारिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. बाईंचा हात असा, की निपचित बाळ त्यांच्या हाती गेलं आणि रडलं नाही, असं सहसा व्हायचं नाही. त्यांनी मास्क धरला की माझी छाती पहिल्याच दाबाला वर यायची. मला त्यांचा फार अभिमान वाटे. शिकवताना मात्र त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असे, "डोकं मागे करा आणि फुगा दाबा." मुली डोकं मागे करत, फुगा दाबत, आणि मी ढिम्म. बाई करवादत, "अगं, मी करते तसं करा ना!" पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी कुणाला तरी चुकून जमायचं, बाई "हां, अस्सं!" म्हणायच्या आणि तास संपायचा.

मग एका वर्षी कासव आली. हे नाव तिला मैत्रिणींनी ठेवलं होतं. सगळ्या पुढे गेल्या तरी ही माझ्यापाशीच उभी असायची. तिला काही केल्या जमेना आणि कळल्याशिवाय पुढे जाणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"बाई, मागे म्हणजे किती मागे?"

"पुरेसं."

"पण पुरेसं म्हणजे किती?"

या पोरीने बाईंच्या नाकी नऊ आणले. एकदा बाई इतक्या चिडल्या की तिला बाजूला सारून त्यांनीच मास्क हातात घेतला. माझी छाती वर आली. कासव वाकून बघत होती. ती घाबरत घाबरत म्हणाली, "बाई, पण तुम्ही डोकं मागे करतच नाही."

बाईंनी सगळ्यांना घरी पाठवलं.

त्या संध्याकाळी बाई माझ्यापाशी एकट्या बसल्या. डोळे मिटून त्यांनी माझी मान हळूहळू हलवली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. स्वतःचाच हात त्या पहिल्यांदा वाचत होत्या. तोंडाने त्या इतकी वर्षं 'मागे' म्हणत होत्या आणि हात मात्र मान सरळ ठेवत होता. बाळाचं नाक छताकडे, बस्स. त्याहून मागे गेलं की घसा दबतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, तसं झालं होतं. मला वाटलं आता त्या हसतील. पण त्या ओक्साबोक्शी रडायला लागल्या. "किती जणींना मी 'मागे' सांगून पाठवलं गं," त्या मला म्हणाल्या. "कुठे कुठे गेल्या असतील त्या."

ते दुःख माझ्या रबरात अजून मुरलेलं आहे.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणं बदललं. खांद्यांखाली टॉवेलची छोटी घडी, आणि एकच वाक्य, "बाळ छताकडे बघतंय असं ठेवा. मागच्या भिंतीकडे नाही." कासवाच्या हाताखाली माझी छाती वर आली, तेव्हा बाई म्हणाल्या, "मी तुला शिकवत होते, पण शिकले मीच."

पुढे कासव तिथेच परिचारिका म्हणून लागली. मग एकदा बाई ओल्या जिन्यावरून पडल्या आणि त्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. त्याच आठवड्यात त्यांची लेक बाळंतपणाला आली. भर दुपार होती. डॉक्टर पलीकडे दुसऱ्या एका बाळंतिणीच्या शस्त्रक्रियेत अडकले होते. बाळांच्या टेबलावर मी होते, मला उचलून खिडकीत भिरकावलं आणि माझ्या जागी बाईंचा नातू ठेवला. निळसर, ओला आणि गप्प.

"आई, रडत का नाही तो? आई!" लेक ओरडत होती.

बाईंचा एवढा नावाजलेला हात गळ्यात बांधलेला होता. कासवाने बाळाला पुसलं, पाठ चोळली, मास्क लावला, फुगा दाबला. छाती हलली नाही. घाबरून तिने डोकं आणखी मागे नेलं. मी खिडकीतून ओरडत होते, पण रबराचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? तेवढ्यात बाईंचा आवाज आला. शब्द नेमके होते. "पोरी, कुठे बघतंय ते?"

"भिंतीकडे," कासव पुटपुटली. तिने मान सरळ केली आणि फुगा दाबला. छाती वर आली. पुन्हा आली. आणि मग तो असा रडला, की त्याची आजी भिंतीला टेकून खाली बसली.

मित्रांनो, इथेच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण बाई निवृत्त झाल्या. कासवाची बदली झाली. नव्या परिचारिकांना वाटतं, आपल्याला येतंच की, आता कुणाला काय शिकवायचं! माझा वर्ग बंद पडला. मला मान वाकडी करून कपाटात कोंबलं आहे, वर चादरींचा ढीग. मानेला चीर पडत चालली आहे.

कपाटाच्या भिंतीपलीकडेच बाळं जन्मतात. मला सगळं ऐकू येतं. आधी आईचा आवाज, मग जराशी शांतता, मग रडणं. हल्ली ती शांतता लांबते. एकदा तर तिच्यानंतर रडली ती फक्त आई.

तुम्हाला जे येतं ते कुणाला तरी शिकवा रे. त्याने "म्हणजे किती?" विचारलं तर चिडू नका. आपल्याला खरंच किती येतं, ते तेव्हाच कळतं. आणि माझ्यावर दया करा, कपाटाची कडी काढा. पलीकडे आत्ताच एक बाळ जन्मलं आहे आणि अजून काही ऐकू येत नाही. कुणीतरी जाऊन मास्क धरलेल्या त्या मुलीला विचारा, ते कुठे बघतंय?