टाकीखालचं लाकूड

सावर्ड्याहून टेम्पो जयगडला आला तेव्हा सखाराम मेस्त्री ओटीवर बसले होते. चौघांनी मिळून काचेची टाकी उतरवली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. रिकामी होती, तरी चौघांना घाम फुटला. मागोमाग त्यांची सून ऋतिका उतरली.

ती मूळची सावर्ड्याची. तिथे हायवेला एक जुनं हॉटेल होतं, ते नुकतंच बंद झालं होतं. लहानपणी बाजार आटोपला की तिचे वडील तिला तिथे न्यायचे, आणि ती भजी खाता खाता टाकीतले मासे बघत बसायची. वडील जाऊन आता सहा वर्षं झाली होती. टाकी भंगारात घालायच्या आधी हॉटेलवाल्याने आठवणीने तिला फोन केला होता.

मेस्त्री “बरी आहे” एवढंच म्हणाले. घरात बोलणं तसंही कमीच होतं. मुलगा शुभंकर मालवाहू जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. मेस्त्रींची बायको कमळा होती तोवर सासऱ्या-सुनेचं बोलणं तिच्यामार्फत व्हायचं. ती गेली आणि ते जेवणाखाण्यापुरतं उरलं. त्यात दोन वर्षांपूर्वी मेस्त्रींना अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि उजव्या हाताला कंप राहिला. चाळीस वर्षं होड्या बांधलेला माणूस. पण तेव्हापासून लाकडाबद्दल त्यांना कोणी काही विचारत नव्हतं, आणि तेही आपण होऊन सांगत नव्हते.

ऋतिकाने टाकी आधी अंगणात सपाट वाळूवर ठेवून दोन दिवस भरून बघितली. कुठे थेंब झिरपला नाही. मग स्टँड करायला घेतला. सकाळी दवाखान्यात नोंदणीचं काम, दुपारी मोबाइलवर व्हिडिओ बघत लाकूड कापणं. बंदरावर यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्यांच्या फळ्या तिने मिळवल्या होत्या. मेस्त्री दारातून बघत असत. पोरीचा हात सरळ होता, करवत फारशी भरकटत नव्हती. पण आडव्या पट्ट्या तिने पायांच्या बाजूला नुसत्या स्क्रूने मारल्या होत्या. टाकीचं सगळं ओझं त्या पट्ट्यांवर, आणि पट्ट्या सोळा स्क्रूंवर लोंबकळत. मागे तिरका आधारही नव्हता. चार दिवस मेस्त्रींना हे दिसत होतं आणि चार दिवस ते गप्प होते.

रविवारी शेजाऱ्यांनी टाकी पुढच्या खोलीत नेऊन स्टँडवर चढवून दिली. ऋतिकाने नळाला पाइप लावला. टाकी अर्धी भरली असेल, ती पाइप सारखा करायला वाकली, तिचा कोपर स्टँडला लागला आणि आतलं पाणी हिंदकळलं. हिंदकळून थांबायला त्याने नको इतका वेळ घेतला. मेस्त्री उठून उभे राहिले.

“ऋतिका, पाणी बंद कर.”

“बाबा, अजून अर्धीच झालीय.”

“अर्धी आहे तोवरच बंद कर. आणि समोर उभी राहू नको, बाजूला ये.”

तिने नळ बंद केला. मेस्त्रींनी डावा तळवा स्टँडच्या बाजूला टेकवून अगदी हलकेच दाब दिला. सगळा सांगाडा बोटभर सरकला आणि परत आला. ते बघून ऋतिकाचा चेहरा उतरला. त्याच पाइपने तिने पाणी अंगणात काढायला घेतलं. टाकी रिकामी होईपर्यंत दोघं भिंतीलगत बसून होती.

“तुम्हाला आधीपासून दिसत होतं?” तिने विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

मेस्त्रींनी सदूची गोष्ट सांगितली. पंचवीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मेस्त्रीने होडी उभी करताना टेकू चुकीचे लावले होते. सखाराम तिथून रोज जात होते, रोज बघत होते. काम आपलं नाही, आपल्याला कोणी विचारलं नाही, म्हणून बोलले नाहीत. होडी कलली आणि खाली काम करणाऱ्या सदूचा पाय गेला. हे त्यांनी कमळालाही कधी सांगितलं नव्हतं.

“आज परत तेच करत होतो मी,” ते म्हणाले.

ऋतिका ओल्या फरशीकडे बघत होती. “मला वाटायचं, लाकडाचं नाव काढलं तर तुम्हाला हाताची आठवण होऊन वाईट वाटेल. म्हणून मी विचारलं नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं. मेस्त्रींनी आधी वजन काढायला लावलं. पाणी सव्वातीनशे किलो, वर काच, वाळू, दगड. साडेचारशेच्या घरात गेलं. म्हणजे तांदळाची नऊ पोती, रात्रंदिवस एकाच जागी उभी. माळ्यावर शेवटच्या होडीचं उरलेलं ऐनाचं लाकूड होतं, ते तिने खाली काढलं. मेस्त्री सांगत गेले, ती आखत आणि कापत गेली. आडवं लाकूड पायाच्या डोक्यावर बसलं पाहिजे; स्क्रूने ते फक्त जागेवर धरायचं, पेलायचं काम लाकडाचं. पाय चार नव्हे, सहा. मागे आणि दोन्ही बाजूंना तिरक्या पट्ट्या.

आडवं लाकूड बसायची एका पायाची खाच मेस्त्रींनी स्वतः घ्यायचं ठरवलं. पटाशी हातात धरली, पहिले दोन घाव बरे बसले, तिसऱ्याला हात थरथरला आणि लाकडाची कड उडाली. ते पटाशी खाली ठेवून अंगणात जाऊन उभे राहिले. ऋतिका पाठोपाठ गेली. हा पाय मागच्या बाजूला लावू, कोणाला दिसणार नाही, असं म्हणाली.

“दिसणार नाही गो, पण मागच्या पायावर वजन काही कमी येत नाही,” ते म्हणाले. “दुसरा काप. खाच तूच घे. मी बघतो.”

खोलीच्या जमिनीला दाराकडे उतार होता. धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून मेस्त्रींनीच तो ठेवायला लावला होता. पाणसळ लावून त्यांनी पायांखाली ऐनाच्या पातळ चकत्या सरकवायला लावल्या, पाणसळीचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत. वर जाड प्लाय, त्यावर थर्मोकोल, म्हणजे काचेखाली खडा-उंचवटा राहणार नाही. मग टाकी चढवण्याआधी ऋतिका स्टँडवर बसली आणि तिने मेस्त्रींनाही बसायला लावलं. दोघांनी मुद्दाम अंग हलवून बघितलं. स्टँड ढिम्म राहिला. शेजारच्या यमुनाबाई दारात आल्या आणि त्या दोघांना तसं बसलेलं बघून काही न विचारता परत गेल्या.

टाकी एका दिवसात भरायची नाही, असं मेस्त्रींनी बजावलं. रोज पाव भाग. रोज संध्याकाळी ते वाकून पाण्याची रेघ काचेच्या कडेशी समांतर आहे का बघत, सांध्यांवरून बोट फिरवत. पाचव्या दिवशी ते म्हणाले, आता मासे आणायला हरकत नाही.

ऋतिकाने लगेच आणले नाहीत. पाणी आधी मुरायला हवं, माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यात आधी वाढायला हवेत, हे तिला माहीत होतं, मेस्त्रींना नव्हतं. ते तिने समजावून सांगितलं आणि त्यांनी मुकाट्याने ऐकलं. तीन आठवड्यांनी रत्नागिरीहून बारा मासे आले.

त्या रविवारी तिने माळ्यावर ऐनाच्या अजून पाच फळ्या आहेत असं सांगितलं, आणि त्यातून पुस्तकांचं कपाट होईल का, असं विचारलं.

“होईल. पण आधी पटाशीला धार लावायला शीक. बोथट पटाशीने खाच चांगली येत नाही.”

ती धार लावायचा दगड घेऊन ओटीवर बसली. मेस्त्री शेजारी बसले. पटाशी जरा जास्तच उभी धरलीय, असं त्यांनी सांगितलं, आणि तिने ती थोडी कलती केली.